विश्लेषण : ‘एका दिवसात हजार सैनिक ठार’... युक्रेन युद्धाचे आकडे कसे वाचायचे? मराठा पलटणींचा शंभर वर्षांपूर्वीचा हिशेब काय सांगतो?

सकाळी मोबाइलवर नोटिफिकेशन येते, ‘रशियाचे एका दिवसात हजार सैनिक ठार’. दुपारी दुसरे येते, ‘रशियाने आणखी एक गाव जिंकले’. मग जिंकतोय कोण? डिजिटल डेस्कवर काम करताना हा प्रश्न वाचकांकडून सतत येतो. खरे उत्तर असे, की या दोन्ही बातम्यांवरून ते कळत नाही. त्यासाठी तिसरी गोष्ट बघावी लागते, आणि ती बातमीत क्वचितच असते. ही तिसरी गोष्ट समजून घ्यायला युक्रेनपर्यंत जायची गरज नाही. आपल्याच भागातील पलटणींनी पहिल्या महायुद्धात तिची किंमत मोजली आहे.

झिजवण्याचे युद्ध म्हणजे काय?

इंग्रजीत ज्याला ‘वॉर ऑफ अ‍ॅट्रिशन’ म्हणतात, ते म्हणजे शत्रूला झिजवून हरवण्याचे युद्ध. यात एका मोठ्या लढाईत निकाल लागत नाही. माणसे, तोफगोळे, वाहने, पैसा आणि धीर कोणाचा आधी संपतो, यावर तो ठरतो.

कोल्हापूरकरांना हे पंचगंगेवरून लगेच समजेल. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा, ४३ फुटांवर गेले की धोका. पण नुसती पातळी वाचून कोणी स्वस्थ बसत नाही. राधानगरीचे किती दरवाजे उघडले, विसर्ग किती क्युसेक, पाणलोटात पाऊस किती, हेही आपण विचारतो. आज पातळी किती, यापेक्षा आवक किती आणि जावक किती, यावर उद्याचे ठरते.

युद्धातील नुकसान ही जावक. नवी भरती, नवा दारूगोळा, बरे होऊन परतलेले जखमी ही आवक. आपल्याला रोज फक्त जावक सांगितली जाते, तीही एकाच बाजूची.

नकाशावर विजय, फौजेची मात्र झीज

१९१५ मध्ये ब्रिटिशांची सहावी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तैग्रिस नदीच्या काठाने बगदादकडे निघाली होती. समोर तुर्कांची ऑटोमन फौज होती. सेनापती होते मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड. या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंतची आणि कोकणातील पोरे त्यात होती.

त्या वर्षीचा नकाशा पाहिला तर ही फौज जिंकतच होती. जूनमध्ये अमारा पडले, सप्टेंबरअखेर कूत पडले. लंडन आणि सिमल्यातील साहेबांना बगदाद दिसू लागले. पण प्रत्येक मुक्कामागे फौज बसऱ्याच्या बंदरापासून आणखी लांब जात होती. रेल्वे नव्हती, रस्ते नव्हते आणि नदीतल्या बोटी कमी होत्या. जावक वाढत होती, आवक आटत होती.

२२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादच्या अलीकडे टेसिफोनला गाठ पडली. काही दिवसांत साडेचार हजारांच्या आसपास सैनिक ठार किंवा जखमी झाले. फौजेचा हा एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा होता. जखमींना न्यायला पुरेशा बोटी नव्हत्या. उघड्या तराफ्यांवरून त्यांना बसऱ्याकडे पाठवले गेले आणि वेळेत उपचार मिळाले असते तर वाचले असते असे अनेक जण वाटेत गेले. या अनागोंदीवर पुढे चौकशी आयोग बसला आणि त्याच्या अहवालानंतर १९१७ मध्ये ब्रिटनचे भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

१३ हजारांच्या सुटकेसाठी २३ हजार

माघार घेतलेली फौज कूतमध्ये शिरली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऑटोमन सैन्याने वेढा घातला. तो जवळपास पाच महिने चालला. धान्य संपत आले, घोडे आणि खेचरे कापली गेली. अनेक भारतीय शिपायांनी सुरुवातीला घोड्याचे मांस खाण्यास नकार दिला आणि उपासमारीने, आजाराने ते खंगत गेले. शेवटी विमानांतून धान्याची पोती टाकण्यात आली. वेढ्यातील फौजेला हवेतून रसद देण्याच्या जगातील पहिल्या प्रयत्नांपैकी हा एक, पण तो पुरा पडला नाही.

बाहेरून सुटकेचे हल्ले सुरूच होते. कूतमधून शरण गेलेल्यांची संख्या सुमारे १३ हजार. त्यांना सोडवताना ठार आणि जखमी झालेले सुमारे २३ हजार. एवढे करून सुटका झाली नाहीच. २९ एप्रिल १९१६ रोजी टाउनशेंड शरण गेले. तिन्ही मराठा पलटणी कैदेत गेल्या आणि कैद्यांपैकी हजारो जण परतले नाहीत.

खरा धडा मात्र यानंतरचा आहे. पुढचे कित्येक महिने मेसोपोटेमियाच्या नकाशावर जवळजवळ काहीच हलले नाही. बातमी देण्यासारखे काही नव्हते. पण त्याच काळात बसऱ्याचे बंदर वाढवले गेले, रेल्वेचे रूळ पडले, बोटी आल्या, दवाखाने उभे राहिले, भारतातून नवी भरती पोहोचली. थोडक्यात, आवक वाढली. फेब्रुवारी १९१७ मध्ये कूत परत घेतले आणि ११ मार्च १९१७ रोजी बगदाद पडले. १९१५ मध्ये पुढे सरकणारी रेषा फसवी होती आणि १९१६ मध्ये थांबलेली रेषाही तितकीच फसवी.

युक्रेनमधील रेषा का हलत नाही?

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर मोठा हल्ला केला. आघाडी हजार किलोमीटरहून लांब आहे. ‘इन्स्टिट्यूट फॉर द स्टडी ऑफ वॉर’ या अमेरिकी संस्थेच्या हिशेबानुसार २०२४ या पूर्ण वर्षात रशियाने सुमारे ४ हजार चौरस किलोमीटर भूभाग घेतला. आपला कोल्हापूर जिल्हा सुमारे ७,७०० चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे वर्षभराच्या लढाईत अर्ध्या कोल्हापूर जिल्ह्याहून थोडी जास्त जमीन. युक्रेनच्या क्षेत्रफळाच्या तुलनेत ती एक टक्काही भरत नाही.

याचे मोठे कारण ड्रोन. स्वस्त ड्रोन आकाशात सतत असल्यामुळे आघाडीच्या दोन्ही बाजूंना कित्येक किलोमीटरचा पट्टा असा झाला आहे, की तिथे हललेले काहीही दिसते आणि दिसलेले मारले जाते. रणगाडे गोळा करून धडक मारणे अवघड झाले. सैनिक दोघा-तिघांच्या टोळ्यांनी पायी किंवा मोटारसायकलवरून पुढे सरकतात. जखमीला मागे आणणे हेच मोठे संकट झाले आहे. टेसिफोनला बोटी नव्हत्या म्हणून जखमी मेले, इथे वर ड्रोन आहे म्हणून मरतात. नकाशावर जी ठळक रेषा दिसते, ती जमिनीवर रेषा नसून कोणाच्याच पूर्ण ताब्यात नसलेला पट्टा असतो.

आकडा कोणाचा आणि त्यात कोण?

आता ‘ठार’कडे येऊ. युक्रेनचे सेनामुख्यालय रशियाच्या नुकसानीचा आकडा रोज जाहीर करते. १२ जून २०२५ रोजी तो १० लाखांवर गेला. पण तो मृतांचा आकडा नाही, त्यात जखमीही धरलेले असतात. इंग्रजी बातमीत शब्द असतो ‘कॅज्युअल्टीज’. लष्करी भाषेत त्यात ठार, जखमी, बेपत्ता आणि कैदी असे सगळे येऊ शकतात. मराठीत आणताना घाईत आपण डेस्कवाले ‘ठार’ लिहून मोकळे होतो. एका शब्दाच्या चुकीने लाखो जिवंत माणसे बातमीत मरतात.

शिवाय प्रत्येक बाजू शत्रूची जावक मोठी सांगते आणि स्वतःची झाकते. रशियाने आपल्या मृतांचा शेवटचा अधिकृत आकडा सप्टेंबर २०२२ मध्ये दिला, ५,९३७. त्यानंतर बीबीसीची रशियन सेवा आणि ‘मीडियाझोना’ यांनी शोकसंदेश, स्थानिक बातम्या आणि कबरी तपासत एकेक नाव जमवले. २०२५ मध्ये ही यादी एक लाखाच्या पुढे गेली. सापडलेली नावेच एवढी, म्हणजे प्रत्यक्ष मृत त्याहून जास्त. युक्रेनचे अध्यक्ष व्होलोदिमिर झेलेन्स्की यांनी डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या ४३ हजार सैनिकांचा मृत्यू झाल्याचे सांगितले. तो आकडाही एका पक्षानेच दिलेला आहे, हे विसरू नये.

तिसरा प्रश्न : भर कुठून येते?

बातमीत हा प्रश्न हवा आणि तोच नसतो. रशियाने २०२२ मध्ये तीन लाख राखीव सैनिक बोलावले, तुरुंगांतून कैदी भरती केले, मोठ्या रकमेचे करार दिले, पुढे उत्तर कोरियाचे सैनिकही आणले. वॅग्नर या खासगी फौजेचा प्रमुख येवगेनी प्रिगोझिन यानेच मे २०२३ मध्ये सांगितले, की बाखमुत या एका शहरासाठी त्याचे २० हजार लोक मेले आणि त्यातले निम्मे कैदी होते. युक्रेनने एप्रिल २०२४ मध्ये सक्तीच्या भरतीचे किमान वय २७ वरून २५ केले. आकड्यांपेक्षा हे निर्णय युद्धाची खरी पातळी जास्त स्पष्ट सांगतात.

आणि ही भर भारतातूनही गेली. नोकरीच्या, मदतनीसाच्या कामाच्या आमिषाने तरुणांना रशियात नेऊन फौजेत घातल्याचे उघड झाले. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने मुंबईसह अनेक शहरांत छापे टाकले. परराष्ट्र मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार तेव्हापर्यंत रशियन फौजेत १२६ भारतीय गेल्याची प्रकरणे समोर आली होती, त्यातील १२ जणांचा मृत्यू झाला होता आणि १६ बेपत्ता होते. जिथे नोकऱ्या कमी आणि भरतीच्या तयारीला पहाटे मैदानावर पळणारी पोरे जास्त, त्या आपल्या जिल्ह्यांनी हा आकडा परका समजू नये. परदेशी ‘सिक्युरिटी’ किंवा ‘हेल्पर’च्या नोकरीची जाहिरात मोबाइलवर दिसली, तर करारातील भाषा समजल्याशिवाय सही करू नका.

संख्या आणि नावे

पहिल्या महायुद्धात ७४ हजारांहून अधिक भारतीय सैनिक मृत्युमुखी पडले. मेसोपोटेमियात गेलेल्यांचे स्मारक बसऱ्याला आहे. त्याच्या भिंतींवर ब्रिटिश सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या भारतीय शिपायांची मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त संख्या. मृतांच्या स्मरणात असा भेदभाव झाल्याची कबुली ‘कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन’ने २०२१ मध्ये अहवाल काढून दिली आणि माफीही मागितली.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावात मात्र आपले ४६ जवान त्या युद्धात कामी आल्याचे आजही सांगितले जाते. साम्राज्याला संख्येवर भागवता आले. गावाला ती घरे माहीत होती.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. दाव्याचा आकडा बातमीत द्यायचाच असेल, तर तो कोणाचा, त्यात कोण धरलेले आणि समोरच्या बाजूचे काय, हे त्याच वाक्यात यायला हवे. ते नसेल तर नोटिफिकेशन पाठवू नये. वाचकांनीही फॉरवर्ड करण्याआधी हेच तीन प्रश्न विचारावेत. दूरच्या युद्धाचा आकडा क्रिकेटच्या धावफलकासारखा वाचण्याची सवय आपल्याला लागली आहे. ज्या भागातून आजही दरवर्षी पोरे फौजेत जातात, त्या भागाला तरी ती शोभत नाही.