पत्र्याला चुना लावा हो!

"पत्रा नवा कोरा आहे, चकचकतोय, ऊन परतवेल की!" हे वाक्य यवतमाळात मे महिन्यात ऐकलं की डोकंच फिरतं.

मंडळी, तापण्याचा हिशोब दोन खात्यांचा. ऊन किती शोषलं हे एक, आणि तापल्यावर अवरक्त किरणांतून किती बाहेर टाकलं हे दुसरं. आपण फक्त पहिलं बघतो. झिंकचा कोरा पत्रा थोडंफार ऊन परतवतो खरा, पण अवरक्त सोडण्यात महाकंजूस! चुना मात्र ऊन जोरात परतवतो आणि उष्णता सढळ हातानं आकाशात सोडतो. डोळ्यांना पांढरा, अवरक्तात जवळजवळ काळा. ज्या लहरी वस्तू चांगल्या शोषते त्याच ती चांगल्या सोडते, हे किर्कहॉफनं १८५९ मध्येच सांगून ठेवलंय.

(गंमत म्हणजे पत्र्याची खालची बाजू चकचकीतच बरी. तिथला कंजूसपणा आपल्या फायद्याचा. चुलीच्या धुरानं ती काळी झाली की डोक्यावर उलटी शेगडीच.)

पैनगंगेपलीकडे तेलंगणानं २०२३ मध्ये कूल रूफ धोरण आणलं. इकडे ४५ अंशांत माणसं टिनाखाली दुपार काढतात, आणि सल्ला काय, तर कूलर घ्या! लाईट गेल्यावर तो काय फुंकरीनं चालवायचा? चुना पावसात धुऊन जातो म्हणे. जाऊ दे ना, फाल्गुनात पुन्हा एक हात मारा! घरकुलाच्या अंदाजपत्रकात तेवढी एक ओळ घालायला कोणत्या साहेबाची सही लागते, ते तरी सांगा.