लॅपटॉप जुना झालाय. दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? आधी बिघाड ओळखा

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वडिलांनी घेऊन दिलेला माझा लॅपटॉप गेल्या उन्हाळ्यात एके दिवशी सुरूच होईना. पॉवरचा दिवा लागायचा, पण स्क्रीन काळीच. परभणीतल्या एका दुकानात दोन मिनिटांत निकाल लागला, ‘मदरबोर्ड गेलाय, नवीनच घ्या.’ दुसऱ्या दुकानात कारागिराने मागचं झाकण उघडलं, रॅम काढली, तिच्या पट्टीवर खोडरबर फिरवला आणि परत बसवली. लॅपटॉप सुरू झाला. तो आजही चालतोय.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. लॅपटॉपचं वय बघून निर्णय घेऊ नका, बिघाड बघून घ्या.

आत्ताच हा प्रश्न का?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० चिप आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१७ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप नियमात बसत नाहीत. ‘आता हा भंगारात’ असं ऐकवलं जातं ते यामुळेच. मात्र मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेटची मुदतवाढ दिली आहे. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये जाऊन नोंदणी करता येते.

दुसरीकडे, एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपचे भाव चढले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ग्राहकांसाठीचा ‘क्रुशियल’ ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे नवा लॅपटॉपही महाग आणि जुन्यात रॅम वाढवणंही महाग.

दुरुस्ती कधी परवडते?

लॅपटॉप फक्त मंद झाला असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजरमध्ये ‘डिस्क’ सतत १०० टक्क्यांच्या आसपास दिसत असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी बसवल्यावर फरक लगेच जाणवतो.

तापून आपोआप बंद पडत असेल तर आधी पंखा साफ करून थर्मल पेस्ट बदलून घ्या. आपल्याकडचा उन्हाळा आणि धूळ पाहता हा त्रास साहजिक आहे. चार्जर, बॅटरी, कीबोर्ड, बिजागरी हेही बदलता येणारे भाग आहेत. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र चार्जिंग लगेच थांबवा. तिला दाबू किंवा टोचू नका, आग लागू शकते.

नवा कधी घ्यावा?

मदरबोर्ड खरोखर जळला असेल, एकाच वेळी दोन-तीन मोठे भाग गेले असतील किंवा तुमच्या कामाचं सॉफ्टवेअरच त्यावर चालत नसेल, तर भावनेत अडकू नका. सुरक्षा अपडेट बंद झालेल्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार करणंही धोक्याचं आहे. लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली टाकून तो अभ्यासाला, टायपिंगला वापरता येतो. पण टॅली किंवा काही ऑनलाइन परीक्षांची सॉफ्टवेअर त्यावर थेट चालत नाहीत.

हिशेब असा करा

खर्चाला वर्षांनी भागा. समजा दुरुस्तीला ४ हजार लागले आणि लॅपटॉप आणखी दोन वर्षं चालला, तर वर्षाला २ हजार पडले. ४० हजारांचा नवा सहा वर्षं चालला, तर वर्षाला साधारण ६,७०० रुपये. इथे दुरुस्ती जिंकते. पण १२ हजारांचा मदरबोर्ड टाकून लॅपटॉप जेमतेम वर्षभर टिकणार असेल, तर नवाच बरा.

दुकानात देण्याआधी

डेटाची कॉपी आधी काढा. हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर लॅपटॉप पुन्हा पुन्हा सुरू करून बघू नका. डिस्क बदलता येते. प्रोजेक्ट, मार्कशीट आणि फोटो परत मिळतीलच याची खात्री नसते. कोणता भाग गेला हे लेखी विचारा, काढलेला भाग परत मागा, नव्या भागाची वॉरंटी बिलावर लिहून घ्या. मोठा खर्च सांगितला तर दुसऱ्या दुकानात विचारल्याशिवाय होकार देऊ नका.

ही जबाबदारी एकट्या ग्राहकाची नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप विकतानाच तो दुरुस्तीला किती सोपा आहे याचे दहापैकी गुण दाखवावे लागतात. आपल्याकडे केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. असे गुण देण्याचा विचारही झाला, पण तो आधी मोबाइल आणि टॅबलेटपुरता. लॅपटॉपही त्यात यायला हवेत. शेतीच्या उत्पन्नातून मुलासाठी एकदाच लॅपटॉप घेणाऱ्या घराला रॅम बदलता येते की बोर्डवरच चिकटवलेली आहे, हे पैसे देण्याआधी कळलं पाहिजे.

तोवर दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न किमतीचा नको. ‘नेमकं काय बिघडलंय, उघडून दाखवा,’ हा असू द्या.