वहिनीला गच्चीची चावी द्या!

माझ्या वहिनीला सहावा महिना लागलाय. घरात तिचे लाड विचारू नका! रोज रात्री केशराचं दूध, उठायच्या आधी हातात पाण्याचा ग्लास. तरी गेल्या महिन्यात तिची कंबर आणि पाय सतत दुखायला लागले. ‘या दिवसांत दुखायचंच,’ असं म्हणून सगळे मोकळे झाले. डॉक्टरांनी मात्र रक्त तपासायला सांगितलं. ड जीवनसत्त्व निघालं ९. वीसच्या खाली गेलं की कमतरता समजतात, हे मला तेव्हा कळलं.

पुण्यात उन्हाला काय तोटा? पण वहिनीच्या अंगाला ते लागतं कुठे? गाडीवर असताना स्कार्फ, सनकोट, हातमोजे. मग दिवसभर एसी ऑफिस. घरी ती खिडकीत बसते, पण ज्या किरणांमुळे त्वचेत ‘ड’ तयार होतं, ते काचेतून आत येतच नाहीत. जेवणाचं म्हणाल तर अंड्याचा बलक आणि तेलकट मासे सोडले तर ‘ड’ फारसं कशात नाही. आणि आम्ही शाकाहारी.

त्यात आजीचं एक पालुपद, ‘उन्हात जाऊ नकोस गं, बाळ काळं होईल.’ ते केशराचं दूधही त्यासाठीच. आजीला हसू नका. स्कार्फ आपणही टॅनिंगच्या भीतीनेच बांधतो ना? आईच्या उन्हात बसण्याने बाळाचा रंग ठरत नाही. तिच्या शरीरातल्या ‘ड’ने मात्र बाळाचा साठा ठरतो, कारण पोटात असताना त्याला ते फक्त आईकडून मिळतं. आईत फारच कमी असेल, तर बाळाचं कॅल्शियम घसरून झटके येऊ शकतात, पुढे मुडदूस होऊ शकतो.

हे फक्त फ्लॅटमधल्या बायकांचं दुखणं आहे, असंही नाही. लखनौतल्या डॉक्टरांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०७ गरोदर महिलांपैकी ८४ टक्के जणींमध्ये ‘ड’ कमी निघालं. शहरातल्या आणि खेड्यातल्या बायकांत जवळपास फरकच नव्हता.

सरकारी दवाखान्यात चौदाव्या आठवड्यापासून रोज दोन कॅल्शियमच्या गोळ्या घ्यायला सांगतात. प्रत्येक गोळीत २५० युनिट ‘ड’ असतं. पण ‘गरम पडतात’ म्हणून कित्येक घरांत त्या डब्यातच राहतात. दुसरं टोक म्हणजे मैत्रिणीने सांगितलं म्हणून मेडिकलमधून ६०,००० युनिटचं पाकीट आणून घेणं. हेही नको. जास्तीचं ‘ड’ लघवीवाटे निघून जात नाही, अंगात साठतं आणि रक्तातलं कॅल्शियम वाढवतं. डोस डॉक्टरांनीच ठरवायचा.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. वहिनीला डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर थोडं ऊनही घ्यायला सांगितलंय. कोवळ्या उन्हाचा याला फारसा उपयोग नाही. आपली सावली उंचीपेक्षा लहान पडते, तेव्हाचं ऊन लागतं. पण त्या वेळी ती बसणार कुठे? सोसायटीच्या गच्चीला कुलूप, खाली पार्किंग. रस्त्यावर गरोदर बाई उन्हात उभी राहिली, तर दहा जण सल्ले देतील. बाळ झाल्यावर त्याला तेल लावून उन्हात धरायचं, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. मग आईनेच काय घोडं मारलंय?

मित्रांनो, तुमच्या घरात किंवा शेजारी कुणाला दिवस गेले असतील, तर ‘ड तपासायचं का?’ हे डॉक्टरांना विचारायची आठवण तिला करा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये गच्चीच्या चावीचा विषय काढा. वर तिला एकटीला पाठवू नका, मे महिन्यात तर नाहीच. आणि मुलींनो, अंगातला साठा दिवस गेल्यावर एकदम भरत नाही. आपल्या विशीतच तो रिकामा होतोय. उद्या लंच ब्रेकमध्ये दहा मिनिटं स्कार्फ काढून बाहेर फिरू या का?