महाग धातूचा स्वस्त हिशेब



गेल्या पंधरवड्यात एका वाचकाचे पत्र आले. ते लिहितात, ‘दोन पोती लादून घाट चढताना मोटारसायकलच्या इंजिनातून टकटक आवाज येतो. मेकॅनिक म्हणतो, पेट्रोल बरोबर नाही. आता पेट्रोल ते पेट्रोल, त्यात बरोबर आणि चूक काय असते?’

प्रश्न एका ओळीचा, पण त्याचे उत्तर थेट अमेरिकेतल्या एका रसायन अभियंत्याच्या टेबलापर्यंत जाते. तेव्हा आज थोडे लांबचे सांगतो. कंटाळा करू नका.

आधी त्या टकटकीचे बघू. इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण दाबले जाते, ठिणगी पडते आणि मग ते जळते. पण काही पेट्रोल ठिणगीने लागलेल्या जाळाची वाट पाहत नाही. दाब आणि उष्णता वाढली की त्याचा एखादा भाग आपल्या आपण भडकतो. औताच्या जोडीतल्या एका बैलाने धन्याने हाळी देण्याआधीच हिसडा द्यावा, तसे होते. जू वाकडे होते, दोराला ताण बसतो आणि जोर वाया जातो. इंजिनातला तो हिसडा म्हणजेच टकटक. पेट्रोल किती दम धरते याचे एक माप ठरवले आहे, त्याला ऑक्टेन म्हणतात. आकडा जितका मोठा, तितका दम जास्त. आपल्याकडच्या साध्या पेट्रोलचा आकडा नव्वदीच्या पलीकडे असतो. रॉकेलचा फारच खाली असतो.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी खिशातून पैसे मोजून शिकलो आहे. तरुणपणी चार पैसे वाचवायला मी मोटारसायकलच्या टाकीत रॉकेल मिसळीत असे. घरच्यांनी बजावले होते, पण ऐकतो कोण? एका हंगामात पिस्टन जळला आणि वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट रक्कम दुरुस्तीला गेली. मोटारसायकल महिनाभर गोठ्याला टेकून उभी होती. येणारा जाणारा विचारायचा, ‘काय, वैरण खाते का ही?’

आता मुख्य गोष्ट. जमिनीतून काढलेले खनिज तेल तापवून त्याचे भाग वेगळे करतात. त्यातला जो भाग पेट्रोलच्या कामाचा, त्याला नाफ्था म्हणतात. हा नाफ्था जसा निघतो तसा इंजिनात घालण्याच्या लायकीचा नसतो, कारण त्याचा ऑक्टेन आकडा बहुधा पन्नास-साठच्या आतबाहेर असतो. म्हणजे तेल भरपूर, पण दम नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारी वाढल्या, इंजिने जास्त दाबाची झाली आणि हा प्रश्न साऱ्या तेलधंद्याच्या मानगुटीवर बसला.

त्यावर अमेरिकेत १९२३ साली एक सोपी तोड बाजारात आली. पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग थोडेसे मिसळायचे. टकटक थांबली, खर्चही किरकोळ. पण शिसे ते शिसेच. जळून धुराबरोबर ते हवेत जाते, रस्त्याकडेच्या मातीत बसते, श्वासातून आणि धुळीतून पोटात जाते. लहान मुलांच्या मेंदूला ते सगळ्यात जास्त बाधते. एकदा शरीरात गेले की हाडांत वर्षानुवर्षे मुक्काम करते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

आपल्या अभियंत्याचे नाव व्लादिमीर हेन्सेल. जन्म १९१४ चा, जर्मनीतल्या फ्रायबुर्ग गावी. वडील मॉस्कोत अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. रशियात क्रांतीनंतरचे दिवस कठीण. हे कुटुंब देश सोडून १९३० च्या सुमारास अमेरिकेत आले. मुलगा तिथे अभियांत्रिकी शिकला, मग रसायन अभियांत्रिकीची वरची पदवी घेतली आणि १९३७ साली युनिव्हर्सल ऑईल प्रॉडक्ट्स या कंपनीत संशोधनाला लागला. तिथे त्याला गुरूही भेटला तो आपल्याच मुलखातला. व्लादिमीर इपातीव्ह हे झारच्या सैन्यातले एके काळचे सेनानी आणि मोठे रसायनशास्त्रज्ञ. तेही रशिया सोडून आले होते. उत्प्रेरकाची विद्या हेन्सेल त्यांच्या हाताखाली शिकला.

उत्प्रेरक म्हणजे काय, तर रासायनिक बदल घडवून आणतो पण स्वतः खर्ची पडत नाही असा पदार्थ. काहीजण विरजणाचा दाखला देतात. मला तो पटत नाही, कारण विरजण दह्यात मिसळून जाते आणि वाढतेही. त्यापेक्षा खळ्यातली मेढ आठवा. आता मळणीयंत्रे आली, पण पन्नाशीच्या पुढच्या मंडळींनी मेढीभोवती फिरणारी बैलांची पात पाहिली असेल. मेढ स्वतः दाणा मळत नाही. पण मेढीवाचून पात फिरत नाही, आणि सारे खळे उरकले तरी मेढ होती तेवढीच राहते. उत्प्रेरकाचे काम पुष्कळसे तसेच.

नाफ्थ्यातले रेणू उत्प्रेरकावरून नेऊन त्यांची घडणच बदलावी, लांब दोरीसारखे असतील ते कड्यासारखे करावेत, म्हणजे ऑक्टेन वाढेल, ही कल्पना हेन्सेलच्या आधीची. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या पेट्रोलसाठी आणि स्फोटकांच्या कच्च्या मालासाठी अमेरिकेत तसे कारखाने चाललेही. त्यांत मॉलिब्डेनम धातूचा उत्प्रेरक असे. पण त्यावर काही तासांतच काजळी धरायची. मग काम थांबवा, काजळी जाळा, पुन्हा सुरू करा. दर चार फेऱ्यांनंतर थांबून चाक काढावे लागणाऱ्या गाडीने ऊस कारखान्याला कधी पोचायचा?

हेन्सेलने प्लॅटिनम वापरायचे ठरवले. प्लॅटिनम म्हणजे सोन्याच्या पंगतीला बसणारा धातू. दागिन्यात शोभणारी वस्तू तेलाच्या भट्टीत घालायची, हे त्या काळी बहुतेकांना वेडेपणाचे वाटे. एरवी तेलधंद्यात पैशा-पैशाचा हिशेब चालतो. पेट्रोल गॅलनने विकायचे आणि उत्प्रेरक तोळ्याने घ्यायचा, हे जमणार कसे?

मंडळी, माझ्या मते या माणसाचा खरा शोध इथे आहे. त्याने प्लॅटिनमचा भाव पाहिला नाही, प्लॅटिनमचे काम मोजले. बाजारात बैल किती रुपयांचा हे सगळे विचारतात. त्याने किती हंगाम ओढले, हे घरी आणल्यावर कळते. आठ हंगाम नेटाने चालणारा महाग बैल दोन हंगामांत बसणाऱ्या स्वस्त बैलापेक्षा स्वस्तच पडतो. हेन्सेलचा हिशेब त्याच चालीचा होता. प्लॅटिनम अगदी थोडे लागले, ते पुष्कळ दिवस टिकले आणि शेवटी परत हाती आले, तर महाग कुठे राहिले?

थोडे कसे लागले ते ऐकण्यासारखे आहे. बॉक्साइटापासून अॅल्युमिना नावाची पांढरी भुकटी निघते. तिच्या गोळ्या केल्या की त्या बाहेरून शेंगदाण्यासारख्या दिसतात, पण आतून इतक्या सच्छिद्र असतात की एका ग्रॅमच्या आतला सगळा पृष्ठभाग उलगडून पसरला तर सुमारे दोनशे चौरस मीटर भरावा. म्हणजे जवळजवळ दोन गुंठे! चिमूटभर भुकटीत दोन गुंठे रान. त्या रानात प्लॅटिनमचे कण पातळ पेरायचे. ढिगाच्या पोटातले प्लॅटिनम कामाला येत नाही, वर उघडे आहे तेवढेच येते. म्हणून दाट पेरण्यात अर्थच नव्हता. अशा उत्प्रेरकात आजही शंभर किलोमागे प्लॅटिनम साधारण पाव किलोच्या आसपास असते. अॅल्युमिनाही नुसते रान म्हणून पडून राहत नाही. क्लोरीनसारख्या पदार्थाने त्याला किंचित आम्लता दिली की रेणूंची मोडजोड करण्यात तेही हात लावते.

आता काम कसे चालते? नाफ्थ्याची वाफ सुमारे पाचशे अंश सेल्सियसला, दाबाखाली, हायड्रोजन वायूच्या सोबतीने त्या गोळ्यांवरून नेतात. रेणूंची वळणे बदलतात, नाफ्थ्यातून आणखी हायड्रोजन सुटतो आणि जे निघते त्याचा ऑक्टेन नव्वदीच्या पलीकडे जातो. हायड्रोजनच्या सोबतीमुळे काजळी हळू धरते. जिथे काही तासांनी थांबावे लागे, तिथे आता महिनेच्या महिने काम चालू लागले. गोळ्या निकामी झाल्या तरी त्यातले प्लॅटिनम काढून पुन्हा वापरता येते. प्लॅटिनमच्या नावावरून या पद्धतीला प्लॅटफॉर्मिंग म्हणतात. पहिला कारखाना १९४९ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मस्कीगन इथे एका लहानशा तेलशुद्धीकरण कंपनीने चालू केला. मोठे दुरून बघत राहिले आणि लहानाने आधी उडी घेतली, हे आपल्या गावातही पाहायला मिळतेच. पुढे काही वर्षांत ही रीत जगभर पसरली. आज मोठ्या तेलशुद्धीकरण कारखान्यात या जातीचा विभाग नसणे ही नवलाची गोष्ट.

‘आम्हाला याचा उपयोग काय?’ असे कारभारीण विचारील. बाई, तुमच्या घरात तो चार वाटांनी आला आहे. या कामात निघणाऱ्या कड्यांच्या रेणूंत बेन्झीन, टोल्युइन आणि झायलीन असतात. झायलीनच्या एका प्रकारापासून पॉलिस्टरचा धागा बनतो. धुऊन वाळत घातले की इस्त्रीवाचून चालणारे टेरीकॉट ते हेच. पाण्यात ओतताच दुधासारखी पांढरी होणारी, बाटलीवर ‘ई.सी.’ लिहिलेली जी कीटकनाशके असतात, त्यांतले औषध बहुधा याच जातीच्या द्रावकात विरघळवलेले असते. डोके धरणारा तो उग्र वास पुष्कळदा द्रावकाचाही असतो.

तिसरी वाट हायड्रोजनची. नाफ्थ्यातून सुटलेला हायड्रोजन वाया जात नाही. तो डिझेलमधले गंधक काढायला वापरतात. एवढेच नव्हे, गंधकाने प्लॅटिनमला विषबाधा होते, म्हणून भट्टीत जाण्याआधी नाफ्थाही याच हायड्रोजनने धुऊन घेतात. आपल्याच गोठ्याचे खत आपल्याच शेताला, तसा प्रकार. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात डिझेलमध्ये दहा लाख भागांत फक्त दहा भाग गंधक चालते. काढलेले गंधक पिवळे होऊन बाहेर पडते. जगातले बहुतेक गंधक आता खाणीतून नाही, तेल आणि वायू स्वच्छ करताना मिळते. सुपर फॉस्फेटला लागणारे गंधकाचे आम्ल त्यातूनच होते. द्राक्षबागेत भुरीवर धुरळता ते गंधकही एखाद्या वेळी याच वाटेने आलेले असेल.

चौथी वाट धोक्याची, म्हणून नीट ऐका. पेट्रोलमधले बेन्झीन रक्ताच्या कर्करोगाला कारण होऊ शकते. म्हणून त्याला शेकडा एकची मर्यादा घातली आहे. फवारणीच्या पंपात पेट्रोल भरताना नळी तोंडात धरून ओढण्याची सवय आपल्याकडे घरोघर आहे. ती आजपासून सोडा. हाताचे ग्रीस पेट्रोलने धुऊ नका. पोराला तर हे काम सांगूच नका. चार आण्यांचे नरसाळे पुरते, असे लिहिणार होतो, पण चार आणे आता चालत नाहीत. असो.

आता शिशाकडे परत येऊ. हेन्सेलच्या पद्धतीने शिशावाचून चांगले पेट्रोल करण्याची सोय १९४९ सालीच हाती आली. पण शिसे स्वस्त पडे, म्हणून ते गेले नाही. उलट नव्या पेट्रोलमध्येही शिसे घालून आकडा आणखी चढवीत राहिले. शेवटी शिसे बाहेर काढायला कारण झाले ते पुन्हा प्लॅटिनमच. मोटारीच्या धुरातले विषारी वायू जागच्या जागी निरुपद्रवी करणारी उत्प्रेरकाची डबी धुराच्या नळीत बसवायची, या कामावर हेन्सेलच्या गटाने १९५० च्या दशकातच संशोधन केले होते. अमेरिकेत १९७५ च्या नव्या मोटारींत अशा डब्या आल्या. त्यांतल्या प्लॅटिनमला शिसे मारक. डबी हवी तर शिसे नको, असा पेच पडला आणि शिसे हटू लागले. आपल्याकडे १९९५ साली चार महानगरांत नव्या मोटारींना अशी डबी आणि बिनशिशाचे पेट्रोल आले. सबंध देशात शिशाचे पेट्रोल बंद झाले १ फेब्रुवारी २००० रोजी. साधन हाती आल्यापासून एक्कावन्न वर्षे. त्या वर्षांत रस्त्याकडेच्या शाळांतून किती पोरे बसली असतील, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. प्लॅटिनमचा मात्र ग्रॅम ग्रॅम ठेवतात.

हेन्सेलच्या नावावर अमेरिकेत १४५ पेटंटे आहेत. १९७३ साली त्याला तिथले विज्ञानाचे राष्ट्रीय पदक मिळाले आणि १९९७ साली अभियंत्यांना मिळणारे मोठे ड्रेपर पारितोषिक. कंपनीतून निवृत्त झाल्यावर तो मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात मुलांना शिकवीत राहिला. डिसेंबर २००२ मध्ये तो वारला. जगातला शिशाच्या पेट्रोलचा शेवटचा पंप अल्जीरियात बंद झाला २०२१ साली.

पत्र लिहिणाऱ्या वाचकांनी मात्र आधी पेट्रोल कुठून घेता ते तपासावे. बाटलीत भरून विकतात ते घेऊ नये, त्यात रॉकेल असण्याचा संभव फार. पंपावरचे घेऊन पाहावे. आता त्यात उसाच्या आणि मक्याच्या इथेनॉलचाही शेकडा वीस वाटा असतो आणि इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन शंभराच्या वर आहे. म्हणजे ऑक्टेन थोडासा तुमच्या रानातूनही जातो. तरीही टकटक राहिली तर इंजिनातली काजळी आणि ठिणगीची वेळ दाखवून घ्यावी. आणि घाटात दोन पोत्यांऐवजी एकच न्यावे.