समजून घ्या : फोनवर ठीक, लॅपटॉपवर बिघडलेला! मोबाइल फिल्मचा ‘सिंक’ का जातो?

लॅपटॉप बदलण्याआधी फाइल तपासायला हवी. दोष बहुतेक वेळा एडिटिंगचा नसतो, तो शूटिंगच्या वेळीच फाइलमध्ये आलेला असतो.

मोबाइलवर हौसेनं शॉर्टफिल्म, मुलाखती किंवा एकांकिका चित्रित करणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. फोनच्या गॅलरीत व्हिडिओ उत्तम दिसतो. तोच एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये घेतला की सुरुवातीची दोन मिनिटं नीट जातात आणि दहाव्या मिनिटाला आवाज एकीकडे, ओठ दुसरीकडे! मग सॉफ्टवेअर बदललं जातं, नवा लॅपटॉप घेण्याचा विचार सुरू होतो आणि अनेकदा अर्धी एडिट झालेली फिल्म तशीच पडून राहते. यातला बराचसा त्रास आणि खर्च टाळता येण्यासारखा आहे.

नेमकं काय होतं?

फोनवर ‘३० एफपीएस’ असं लिहिलेलं असलं, तरी तो प्रत्येक सेकंदाला मोजून ३० फ्रेम घेतोच असं नाही. उजेड कमी झाला, फोन तापला किंवा प्रोसेसरवर ताण आला की फ्रेमची संख्या कमी-जास्त होते. याला ‘व्हेरिएबल फ्रेम रेट’ म्हणतात. आवाज मात्र ठरलेल्या गतीनं नोंदवला जातो. व्हिडिओसाठी ही गती साधारणपणे सेकंदाला ४८ हजार नमुने इतकी असते.

प्रत्येक फ्रेम कोणत्या क्षणी दाखवायची याची नोंद फाइलमध्ये असते. गॅलरीतला प्लेअर ती नोंद पाळतो, म्हणून तिथं सगळं जुळतं. एडिटिंग सॉफ्टवेअरची टाइमलाइन मात्र समान अंतराच्या घरांची असते आणि काही सॉफ्टवेअर ही बदलती नोंद नीट हाताळत नाहीत.

समजा, फोननं सरासरी ३० ऐवजी २९.९ फ्रेम घेतल्या. दहा मिनिटांत १८,००० ऐवजी १७,९४० फ्रेम झाल्या, म्हणजे ६० कमी. त्या ३० च्या हिशेबानं एकापुढे एक मांडल्या, तर चित्र दोन सेकंद आधी संपतं आणि आवाज मागे राहतो.

दोन सेकंद ही तर फार मोठी चूक झाली. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रसारणविषयक शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी किंवा सुमारे १२५ मिलिसेकंद नंतर आला, तरी प्रेक्षकाला ते जाणवू लागतं. २५ एफपीएसच्या फिल्ममध्ये एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. म्हणजे प्रश्न एक-दोन फ्रेमचा असतो.

दोष कुठे आहे, हे कसं ओळखायचं?

सेटिंग बदलण्याआधी चार गोष्टी याच क्रमानं पाहाव्यात.

१. ब्लूटूथ इअरफोन काढावेत. त्यांत आवाज मुळातच उशिरा पोहोचतो. तो ऐकून सिंक ‘दुरुस्त’ केला की जुळलेली फिल्म बिघडते. एडिटिंग करताना वायरचे हेडफोन वापरावेत.

२. सुरुवात आणि शेवट तपासावा. दोन्हीकडे फरक सारखाच असेल, तर आवाजाचा ट्रॅक पुढे-मागे सरकवून काम होतं. फरक वाढत जात असेल, तर ट्रॅक सरकवून उपयोग नाही.

३. फाइलची माहिती पाहावी. ‘मीडियाइन्फो’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेटचा प्रकार ‘व्हेरिएबल’ की ‘कॉन्स्टंट’ हे लगेच कळतं.

४. प्रोजेक्टचा फ्रेम रेट जुळवावा. शूट २५ चं असेल, तर प्रोजेक्टही २५ चाच हवा. डाविंची रिझॉल्व्हमध्ये टाइमलाइन तयार झाल्यावर प्रोजेक्टचा फ्रेम रेट बदलता येत नाही. म्हणून तो सुरुवातीलाच ठरवावा.

उपाय काय?

फाइल ‘व्हेरिएबल’ निघाली, तर आधी तिचं रूपांतर करावं, मग एडिटिंग. ‘हँडब्रेक’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट निवडून ‘कॉन्स्टंट’ हा पर्याय घेतला की समान अंतराच्या फ्रेमची नवी फाइल मिळते. मूळ फाइल मात्र जपून ठेवावी. अर्धं एडिटिंग झाल्यावर हे केलं, तर कट पुन्हा जुळवावे लागण्याची शक्यता असते.

आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला असेल, तर कारण निराळं असू शकतं. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत. अशा वेळी शॉटच्या सुरुवातीला आणि शेवटी अशी दोनदा टाळी वाजवावी. दोन्ही टाळ्या जुळतील इतका आवाजाचा ट्रॅक किंचित ताणला किंवा आवळला की काम होतं. छोट्या शॉटमध्ये हा फरक दिसतही नाही. कीर्तन, एकांकिका, मुलाखत अशा लांब चित्रीकरणात तो उघडा पडतो.

प्रिव्ह्यू अडखळणं हा मात्र वेगळा प्रश्न आहे. फोनवरची एच.२६५ फाइल आकारानं लहान, पण उलगडायला जड असते. तिच्या हलक्या ‘प्रॉक्सी’ फाइल बनवल्या, तर जुना लॅपटॉपही बऱ्यापैकी काम देतो.

जबाबदारी कोणाची?

फोनवरचा बदलता फ्रेम रेट हा निव्वळ दोष नाही. अंधारात सेन्सरला जास्त वेळ प्रकाश मिळावा म्हणून फ्रेम कमी केल्या जातात, त्यामुळे चित्र उजळ येतं. घरच्या वाढदिवसाच्या व्हिडिओला ते सोयीचंच. पण निवड वापरणाऱ्याची असायला हवी. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ‘ऑटो एफपीएस’ बंद करता येतं आणि २५ एफपीएससाठी ‘पाल’ फॉरमॅटही सुरू करता येतात. त्यानं प्रश्न पूर्ण सुटत नाही, पण असा पर्याय देणं शक्य आहे हे दिसतं.

मेगापिक्सेल आणि ‘सिनेमॅटिक’ मोडची जाहिरात करणाऱ्या सगळ्याच कंपन्यांनी कॅमेऱ्यात ‘फ्रेम रेट स्थिर ठेवा’ असं साधं बटण द्यायला हवं. एडिटिंग सॉफ्टवेअरनंही अशी फाइल आत घेतानाच ठळक इशारा द्यावा. स्वतःच्या खिशातून फिल्म करणाऱ्याला फाइल बिघडल्याचं शेवटच्या टप्प्यावर कळणं परवडत नाही. त्याच्याकडे कलाकार एकाच रविवारपुरते आलेले असतात.

हे होईपर्यंत शूटच्या आदल्या दिवशी, त्याच जागी, त्याच उजेडात दहा मिनिटांचं चाचणी चित्रीकरण करावं. सुरुवातीला आणि शेवटी टाळी वाजवून ती फाइल एडिटिंगमध्ये तपासावी. अर्ध्या तासाचं हे काम पुढचे कितीतरी दिवस वाचवतं.