वाट अडवण्याचे राजकारण

गेल्या पावसाळ्यात जांबोटीच्या नाक्यावर चहा घेताना एका गृहस्थांनी देशाचे परराष्ट्र धोरण दोन वाक्यांत निकालात काढले. "एकसष्टला गोव्यात दाखवलं का नाही? तसंच नेपाळ, बांगलादेशाला पण एकदा दाखवायला पाहिजे बघा!" भोवतालच्या माना डोलल्या. तेवढ्यात बस आली, म्हणून मी गप्प राहिलो. ते उत्तर आता देतो.

गोव्याचा दाखला द्यायचा तर पुरता द्यावा. 1961च्या आधी 1955 होते. त्या सुमारास भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी आवळली. कॅसलरॉकवरून उतरणारी रेल्वे बंद पडली. पोर्तुगीज वठणीवर येतील, हा दिल्लीचा हिशेब. झाले काय? सालाझारच्या राजवटीने माल समुद्रावाटे आणला, लोहखनिजाचा पैसा खेळू लागला, आणि घाटातल्या चोरवाटा जाग्या झाल्या, असे माझे वडील सांगत. जाच झाला तो वर-खालच्या सोयऱ्याधायऱ्यांना. सहा वर्षांनीही पोर्तुगीज होते तिथेच!

मग सैन्य गेले. बेळगावात जमवाजमव झाली. 18 डिसेंबर 1961 रोजी अनमोडच्या अंगाने 17 इन्फंट्री डिव्हिजन आणि दोडामार्गाकडून 50 पॅराशूट ब्रिगेड आत शिरली. सालाझारचा हुकूम अखेरपर्यंत लढण्याचा. पण गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी 19 तारखेला शरणागती पत्करली. सैन्यबळात तफावत होतीच. पण ज्यांच्या नावाने राज्य चालले होते, ती गोव्याची माणसे त्या राज्यामागे उभी नव्हती. नाक्यावरच्या इतिहासातून नेमके एवढेच गळते.

तेच सैन्य 1987 साली श्रीलंकेत गेले. 29 जुलैच्या करारानंतर शांतिसेना म्हणून गेले, आणि ज्यांच्या रक्षणासाठी गेले त्या तमिळांमधल्याच वाघांशी लढत बसले. पुढे अध्यक्ष प्रेमदासांनीही निघा म्हणून सांगितले. मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर सुमारे बाराशे जवान गेले होते. त्या मोहिमेत मराठा लाइट इन्फंट्रीच्याही पलटणी होत्या. या रेजिमेंटचे केंद्र आपल्या बेळगावातच आहे. शौर्य कमी पडले, असे म्हणायची कुणाची छाती आहे? कमी पडला तो दिल्लीतला विचार. उलट नोव्हेंबर 1988 मध्ये मालदीवच्या अध्यक्ष गयूम यांनी स्वतः हाक मारली, तेव्हा गोव्यातलीच ती 50 पॅराशूट ब्रिगेड धावली, बंड मोडले आणि बहुतेक जवान लवकरच माघारी आले.

नेपाळची वाट आपण 1989 मध्ये अडवली. 2015 मध्ये, भूकंपाने तो देश कोलमडलेला असताना, सीमेवर ट्रक पुन्हा महिनोन्महिने अडले. आम्ही अडवले नाही, असे दिल्लीने सांगितले. काठमांडूत ते कुणाला पटले नाही. मार्च 2016 मध्ये नेपाळने चीनशी मालवाहतुकीचा करार केला. याला सुरक्षेचे धोरण म्हणायचे?

शेजारी साधेभोळे आहेत, असे मी म्हणत नाही. चीनचे नाव घेऊन भाव वाढवणे त्यांना छान जमते. पण डिसेंबर 2003 मध्ये आसामच्या अतिरेक्यांचे तळ भूतानने स्वतःचे सैन्य घालून मोडले. ते कसल्या धाकाने नव्हे. पन्नास वर्षे जपलेल्या संबंधांचे ते फळ होते.

आणि पाणी? आमच्या वरच्या अंगाला कणकुंबीत मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला जाते. म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते. पाणी वळवण्याची नुसती भाषा निघाली की पणजी पेटते. लवादाने 2018 साली निवाडा दिला, तरी तंटा मिटला नाही. ही एकाच देशातल्या दोन राज्यांची गत! गंगेच्या पाण्याचा बांगलादेशाशी करार झाला 12 डिसेंबर 1996 रोजी, 30 वर्षांसाठी. तिथे आपण वरचे, ते खालचे. नाक्यावरच्या गृहस्थांना विचारले तर ते म्हणतील, पाणी तोडा. त्यांची लेक मात्र डिचोलीला दिली आहे, आणि म्हादईविषयी त्यांचे मत अगदी निराळे आहे.