लिहिलंस? आता पुन्हा लिही!

प्रेझेंटेशनच्या फाइलला तुम्ही आधी ‘फायनल’ नाव देता, मग ‘फायनल टू’, मग ‘फायनल फायनल’. आणि बॉस ती सातव्यांदा परत पाठवतो. आठवतंय ना, काय होतं तेव्हा डोक्याचं? आठवीतल्या माझ्या भाचीचं अगदी तेच झालं होतं. फरक एवढाच, की तिला त्याचा पगार मिळत नाही!

दिवाळीला मी महाराष्ट्र एक्स्प्रेसने गोंदियाला गेले. गोंदिया म्हणजे शेवटचं स्टेशन, त्यामुळे गाडीत झोप लागली तरी नो टेन्शन. घरात चकलीचा खमंग वास आणि कोपऱ्यात फुगलेलं एक तोंड. पुढ्यात वही. विषय : ‘माझा आवडता पक्षी’. दहापैकी चार. खाली लाल शाईत दोनच शब्द : ‘पुन्हा लिही.’

तिने लिहिलंही होतं. म्हणजे तोच निबंध जास्त सुवाच्य अक्षरात. ‘सुंदर’ खोडून ‘मनमोहक’ केलं होतं. बस्स.

“मावशी, मला निबंध येतच नाही,” ती म्हणाली. तेरा वर्षांच्या पोरीने स्वतःबद्दल असा निकाल लावून टाकावा, हे मला फार लागलं. लिहून पोट भरणाऱ्या मावशीला तर जास्तच.

यात तिची चूक नव्हती. नॅन्सी सॉमर्स नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने २० विद्यार्थी आणि २० अनुभवी लेखक पुनर्लेखन कसं करतात, हे तपासलं. १९८० मध्ये तिचा निबंध प्रसिद्ध झाला. निष्कर्ष? विद्यार्थी शब्द बदलत बसतात, तर लेखक ‘मला नक्की म्हणायचंय काय’ हेच पुन्हा शोधतात. आमच्या मॅडम पहिल्या गटात. आणि शिक्षकांना तरी काय बोलणार? वह्यांचा ढीग समोर असताना ‘पुन्हा लिही’च्या पुढे लिहायला वेळ कुणाला आहे?

मी पेन बाजूला ठेवलं आणि विचारलं, “तू मोर कधी पाहिलास?”

“नागपूरच्या झूमध्ये. लहान होते तेव्हा.”

“आणि आजोळच्या शेतात काय दिसतं?”

“सारस!”

“मग?”

“गाइडमध्ये सारस नाही ना!”

घ्या! महाराष्ट्रात सारस उरलाय तो मुख्यतः आमच्या गोंदिया जिल्ह्यात. उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात सर्वांत उंच, जवळपास सहा फूट. आमचं शेत परसवाड्याच्या बाजूला. तिथे हा पक्षी पावसाळ्यात धानाच्या बांधीतच घरटं करतो. आणि पोरगी लिहिते कुणावर? गाइडमधल्या मोरावर!

दुसरा ड्राफ्ट तिने तासाभरात लिहिला. मी एकही चूक काढली नाही. फक्त मोठ्याने वाचायला लावलं. वाचता वाचता ती स्वतःच दोनदा अडखळली, थांबली आणि खोडलं. मग मी एकच प्रश्न विचारला, “घरट्यात दोन अंडी होती म्हणतेस. पिल्लू एकच दिसलं. दुसऱ्याचं काय झालं?”

तिला माहीत नव्हतं. मग काय, गेली आजोबांकडे!

दुसरं अंडं पाण्यात बुडालं होतं. इतकंच सांगून आजोबा थांबले असते, पण पोरगी वही घेऊन समोर बसलेली. मग ते हळूच बोलले. खूप वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात त्यांनी स्वतः बांधीतलं घरटं मोडलं होतं. धान तुडवलं जाईल या भीतीने. जोडी दोन दिवस धुऱ्यावर उभी होती. “त्या पाखराचे डोरे मले आजबी दिसतात,” आजोबा म्हणाले.

आजोबांनी हे आम्हा मुलींना कधीच सांगितलं नव्हतं. यंदा घरट्याच्या बाजूने ते फिरकूही का देत नव्हते, ते आत्ता कळलं. एका प्रश्नाने, तेही तिसऱ्या ड्राफ्टसाठी!

त्या रात्री ती जेवण विसरून लिहीत होती. ‘पुन्हा लिही’ ही शिक्षा राहिलीच नव्हती, कारण आता तिच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं.

शेवटी आला भाषेचा प्रश्न. ‘डोरे’ लिहायचं की ‘डोळे’? आमच्या झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो आणि ‘ण’चा ‘न’. वहीत असा शब्द दिसला की त्याला लाल गोल ठरलेला. मी म्हटलं, “तूच ठरव.” तिने बराच विचार केला. निवेदन प्रमाण मराठीत, आजोबा बोलतील ते त्यांच्याच बोलीत. बॉस, हा निर्णय भल्याभल्या लेखकांना घ्यावा लागतो! तिने तो चकली खात घेतला.

आता मार्कांचं. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये शाळकरी मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना फक्त शेरा दिला, काहींना फक्त मार्क, काहींना दोन्ही. सुधारणा झाली ती फक्त शेरा मिळालेल्यांमध्ये. मार्क दिसले की मुलं शेरा विसरतात. अप्रेझलमध्ये रेटिंग कळल्यावर पुढचं तुम्ही तरी कुठे ऐकता?

घरात एखादा भाचा, पुतणी किंवा शेजारचं पोरगं निबंधाशी झगडत असेल, तर हे ट्राय करा :

• लाल पेन ड्रॉवरमध्ये. आधी कुतूहलाने एक प्रश्न विचारा. खरा, उत्तर तुम्हालाही माहीत नसलेला.

• मोठ्याने वाचायला लावा. अडखळलेली जागा त्यांची त्यांनाच सापडते.

• परिच्छेद कात्रीने कापून जमिनीवर पसरा. क्रम बदलणं हा पत्त्यांसारखा खेळ होतो.

• शुद्धलेखन सर्वांत शेवटी. जे वाक्य उद्या खोडायचंय, त्याची वेलांटी आज कशाला?

• निबंध वाचायला घरातला कुणीतरी खरा वाचक मिळवून द्या. आमच्याकडे आजोबा होते.

सुट्टी संपल्यावर भाचीचा मेसेज आला. दहापैकी सात. ‘डोरे’भोवती लाल गोल होताच. मी म्हटलं, “वाईट वाटलं?”

“नाही गं. पण शेवट अजून जमला नाहीये. पाचवा ड्राफ्ट पाठवू?”

मी घाईघाईत हा कॉलम पूर्ण करत होते. तिचा मेसेज वाचला, माझा मजकूर उघडला आणि मुकाट्याने पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.